घरचं नेटवर्क आणि घरचा सर्व्हर : प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

सामान बघायच्या आधी गरज कागदावर उतरवली. घर दोन मजली, वापरणारी माणसं पाच. नेटवर्कवर येणारी उपकरणं एकेक करून मोजली तेव्हा ३१ भरली: फोन आणि टॅब्लेट ८, संगणक ४, टीव्ही १, प्रिंटर १, कॅमेरे २ आणि दिवे, प्लग, सेन्सर मिळून १५. अंदाज विचारला असता तर कुणीही दहा-बाराच सांगितली असती. म्हणून मोजणी आधी, खरेदी नंतर.

सर्व्हरकडून, म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी कायम चालू राहणाऱ्या संगणकाकडून, चार गोष्टी हव्यात. सगळ्या फोनमधले फोटो एका जागी जमा व्हावेत, कागदपत्रांची साठवण व्हावी, टीव्हीवर घरचे व्हिडिओ दिसावेत आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घराबाहेर न जाता घरातच राहावं.

एक नियम आजच ठरवला आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर तपासायचा: सर्व्हर बंद असला तरी घरातलं इंटरनेट चालू राहिलं पाहिजे. राउटर, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सेवा), साठवण हे सगळं एकाच यंत्रावर बसवता येतं आणि सुरुवातीला ते सोयीचंही वाटतं. मग एखाद्या दिवशी रॅमची पट्टी बदलायला ते यंत्र उघडावं लागतं आणि घरातल्या पाचही जणांचं काम थांबतं. सर्व्हरने नेटवर्कवर पाहुण्यासारखं राहावं, त्याच्या खांद्यावर घर उभं नको.

५ जानेवारी

कपाटाची जागा जिन्याखाली. बाहेरून येणारी फायबर तिथून ४ मीटरवर आहे, वरच्या मजल्याकडे जाणारा पाइप तिथूनच चढतो आणि हवा खेळती आहे. भिंतीवरचं ६ यू मापाचं कपाट पुरेल (यू हे अशा कपाटातल्या उंचीचं माप): १ यू पॅच पॅनेल (भिंतीतल्या सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ती पट्टी), १ यू स्विच (केबलवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं यंत्र), एका फळीवर राउटर आणि फायबरचं यंत्र. सर्व्हर आणि यूपीएस खाली जमिनीवर, पण फरशीपासून १० सेंटीमीटर उंच स्टँडवर.

माळ्यावरची जागा बाद केली. तिथे दुपारी तापमान फार चढतं आणि डिस्कना ते सोसत नाही.

११ जानेवारी

केबलचे पॉइंट ९ ठरले: हॉल २, अभ्यासिका २, बाकी तीन खोल्यांत प्रत्येकी १ आणि छतावर ॲक्सेस पॉइंटसाठी (वायफाय पुरवणारी यंत्रं) २. नऊ मार्गांची लांबी दोरी लावून मोजली. सर्वांत छोटा ६ मीटर, सर्वांत मोठा २४, एकूण १४२. कपाटाच्या बाजूला प्रत्येकी २ मीटर आणि पॉइंटच्या बाजूला अर्धा मीटर जादा धरून १६५ मीटर. ३०५ मीटरच्या एका खोक्यात काम भागतं.

केबल कॅट६. या जातीवर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं आणि १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत, त्यामुळे २४ मीटरच्या घरात कॅट६एची जाड, ताठ केबल वळवत बसायचं कारण नाही.

आणलेलं पहिलं खोकं परत केलं. हातात घेतलं तेव्हाच ते हलकं वाटलं. एक तार सोलून ब्लेडने खरवडली तर तांबूस थराखाली पांढरट चकाकी दिसली. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा विद्युतरोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. डेटा कदाचित जाईलही, पण याच केबलमधून ॲक्सेस पॉइंटला वीज द्यायची आहे. तिथे विजेचा दाब कमी पडतो, तार तापते आणि जॅकमध्ये दाबताना ती ठिसूळपणे तुटते. खोक्यावर 'शुद्ध तांबं' असं छापलेलं असलं तरी खरवडून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि भिंतीत गेलेली केबल बदलायला दोन दिवस.

१२ जानेवारी

ओढकाम. जुन्या पाइपमधून स्टीलची स्प्रिंग घालून केबल ओढल्या. तीनपेक्षा जास्त केबल एका वेळी ओढल्या नाहीत. कॅट६ला सुमारे ११ किलोपेक्षा जास्त ताण देऊ नये, नाहीतर आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट ठेवायची, म्हणजे ६ मिलिमीटरच्या केबलला सुमारे २५ मिलिमीटर. दोन कोपऱ्यांत पाइपचा काटकोनी जोड होता, तो काढून गोलाईचा बसवला.

विजेच्या तारांना समांतर जाताना ३० सेंटीमीटर अंतर ठेवलं. जिथे ओलांडणं टळत नव्हतं तिथे सरळ ९० अंशांत ओलांडलं.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना आणि टोकापासून एक मीटर आतही क्रमांक लिहिला. टोक कापावं लागलं तरी आतला क्रमांक उरतो.

१८ जानेवारी

सगळी टोकं कीस्टोन जॅकमध्ये (भिंतीतल्या पॉइंटवर बसणारं, प्लग घालायचं तोंड) आणि पॅच पॅनेलवर बसवली. भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावलेला नाही. एकसंध तार वारंवार हलली की मोडते. तिची जागा भिंतीत, हलणारी जागा पॅच कॉर्डची (लवचीक जोडकेबल).

रंगक्रम सगळीकडे टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीचा पीळ जॅकच्या खाचेपर्यंत तसाच न्यायचा, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. खाचेत तार ठेवून पंचडाउन टूल सरळ दाबायचं. खट्ट आवाज आला आणि उरलेला तुकडा स्वतःहून खाली पडला की जोड बसला. तुकडा लोंबत राहिला तर पातं उलट बाजूला आहे किंवा बोथट झालंय.

नऊपैकी आठ केबल नव्या आहेत. नववी, वरच्या मागच्या खोलीची, पूर्वीच कुणीतरी टाकलेली होती. तिचा पाइप इतका भरलाय की नवी केबल जात नाही. टेस्टर लावला, आठही दिवे क्रमाने लागले, म्हणून ती तशीच ठेवली.

१९ जानेवारी

नववी केबल फसवी निघाली.

आयपर्फ३ या प्रोग्रॅमने सगळ्या पॉइंटचा वेग मोजला. आठ ठिकाणी ९४१ मेगाबिट. गिगाबिट इथरनेटवर (केबलवरचं नेटवर्क) टीसीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीने मिळणारा कमाल आकडा हाच: १५३८ बाइटच्या प्रत्येक चौकटीत उपयोगाचा माल १४४८ बाइटच असतो, त्यामुळे पूर्ण १०००ची अपेक्षा धरू नये आणि ९४१ला कमी समजू नये. नवव्या पॉइंटवर मात्र दुवा कधी १ गिगाबिटवर जुळायचा, दोन मिनिटांत तुटायचा आणि मग १०० मेगाबिटवर येऊन बसायचा. स्विचवर त्या पोर्टचा चुकांचा आकडा दर सेकंदाला वाढत होता.

जॅक उघडल्यावर कारण दिसलं. तारा दोन्ही टोकांना एकाच क्रमाने लावल्या होत्या, म्हणून टेस्टर खूश. पण तो क्रम होता नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी, शेजारी शेजारी. दिसायला नीटनेटका, पण इथरनेटसाठी चुकीचा. इथरनेटच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा आहेत. ३ आणि ६ एकाच पिळातल्या हव्यात. इथे ३वर हिरव्या पिळातली तार होती आणि ६वर निळ्या पिळातली. परस्परांचा गोंगाट खोडायला जो पीळ दिलेला असतो त्याचा उपयोगच उरला नाही. साधा टेस्टर प्रत्येक तार एकटी तपासतो, ती कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही.

दोन्ही टोकं कापून टी५६८बीने पुन्हा बसवली. ९४१. चुका शून्य.

याच्याशी नेहमी गल्लत होणारी दुसरी खूण इथेच नोंदवून ठेवतो: दुवा पहिल्यापासूनच १०० मेगाबिटवर जुळत असेल आणि चुका मात्र नसतील, तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असते. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही.

२५ जानेवारी

स्विच १६ पोर्टचा, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) समजणारा, ८ पोर्टवर पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज). दोन्ही ॲक्सेस पॉइंटना ८०२.३एटी हे पीओईचं मानक लागतं, म्हणजे स्विचकडून प्रत्येकी ३० वॉटपर्यंत. स्विचची एकूण पीओई क्षमता १२० वॉट, पुढे कॅमेरे केबलवर घेतले तरी जागा आहे. पोर्टची संख्या आणि एकूण वॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ पोर्ट आहेत म्हणून आठही पोर्टवर ३० वॉट मिळतीलच असं नाही.

लूप रोखणारी स्पॅनिंग ट्रीची सोय या स्विचवर बंद करून आली होती. ती चालू केली, आणि मग मुद्दाम एका कॉर्डची दोन्ही टोकं स्विचमध्येच लावून पाहिली. एक पोर्ट लगेच अडवला गेला, बाकी नेटवर्क शांत. ही सोय बंद असती तर एका चुकीच्या कॉर्डने ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या पाकिटांचा) पूर आला असता आणि सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले असते.

पत्त्यांची आखणी:

व्हीलॅन १०, घर: १०.३७.१०.०/२४. संगणक, फोन, टीव्ही.
व्हीलॅन ३०, वस्तू: १०.३७.३०.०/२४. दिवे, प्लग, कॅमेरे, प्रिंटर.
व्हीलॅन ४०, पाहुणे: १०.३७.४०.०/२४. फक्त इंटरनेट.

१९२.१६८.१.० हा पट्टा जाणूनबुजून टाळला. असंख्य राउटर तोच घेऊन येतात. उद्या बाहेरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून घरापर्यंतच्या सुरक्षित वाटेने) घरी जोडायचं झालं आणि त्या जागेचाही पट्टा तोच असेल, तर आपला संगणक घरचा सर्व्हर तिथल्याच खोलीत शोधत बसतो. १०.०.०.० आणि १०.१.१.० हेही याच कारणासाठी नकोत. मधलाच कुठला तरी आकडा घ्यावा. तिसऱ्या स्थानी व्हीलॅनचाच क्रमांक ठेवला की पत्ता वाचून उपकरण कुठलं ते लगेच कळतं.

प्रत्येक पट्ट्यात २ ते ९९ कायम राखून ठेवलेले पत्ते, १०० ते १९९ डीएचसीपीने वाटायचे. कायमचे पत्ते उपकरणात जाऊन भरलेले नाहीत; राउटरवरच मॅक पत्त्याला (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) बांधले आहेत. यादी एका जागी राहते आणि दोन उपकरणांना एकच पत्ता जायचा धोका टळतो.

२६ जानेवारी

सर्व्हर कुठल्या व्हीलॅनमध्ये? आधीच्या आखणीत त्याच्यासाठी वेगळा व्हीलॅन २० होता. कागदावर ते जास्त सुरक्षित दिसतं. एका जुन्या संगणकाला तात्पुरता सर्व्हर करून मोजलं: एकाच व्हीलॅनमध्ये ९४१ मेगाबिट, वेगळ्या व्हीलॅनमध्ये ६१०. कारण दुसऱ्या वेळी प्रत्येक पाकीट राउटरच्या प्रोसेसरमधून आणि फायरवॉलच्या (कुणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या पहाऱ्याच्या) नियमांतून जातं. आणि नियम तरी काय असते? घरातल्या सगळ्यांना सर्व्हरवरचं जवळपास सगळंच हवंय. दारं उघडीच ठेवायची तर भिंत बांधून उपयोग नाही. सर्व्हर व्हीलॅन १०मध्ये, पत्ता १०.३७.१०.५. भिंत जिथे खरी गरज आहे तिथे, म्हणजे वस्तूंच्या व्हीलॅनभोवती.

फायरवॉलचे नियम चारच. १०मधून ३०कडे जायला परवानगी. ३०मधून १०कडे स्वतःहून सुरुवात करायला बंदी, आलेल्या विनंतीला उत्तर द्यायला मोकळीक. ३०मधून इंटरनेटला बंदी. ज्या उपकरणाला खरोखर लागतं त्याचं नाव अपवादात घालायचं. ४०मधून घरातल्या कुठल्याच पट्ट्याकडे वाट नाही.

कॅमेऱ्यांचं चित्र सर्व्हर स्वतः जाऊन उचलतो, कॅमेरा सर्व्हरकडे येत नाही. त्यामुळे तिथे वेगळा नियम लागला नाही.

१ फेब्रुवारी

वायफाय. खालच्या ॲक्सेस पॉइंटला २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, वरच्याला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर दोघांना वेगवेगळे चॅनेल, रुंदी ८०. डीएफएस चॅनेल घेतला नाही: तिथे सुरू होण्याआधी ॲक्सेस पॉइंटला किमान ६० सेकंद रडार नाही ना हे ऐकत बसावं लागतं, आणि मध्येच रडार जाणवलं की चॅनेल सोडावा लागतो.

ताकद कमालवर ठेवलेली नाही, मध्यमवर आहे. ॲक्सेस पॉइंट मोठ्याने बोलू शकतो, पण फोनचा आवाज लहानच. दांडी भरलेली दिसते म्हणून फोन खालच्याच पॉइंटला चिकटून राहतो आणि वर गेल्यावर रडतखडत चालतो. ताकद कमी केल्यावर जिन्याच्या मधल्या पायरीवर फोन पॉइंट बदलतो, तसा बदललेला पाहिला.

४ फेब्रुवारी

प्रिंटर दिसेना. अपेक्षितच होतं. फोन प्रिंटर शोधतो तो एमडीएनएसने (जवळच्या उपकरणांना हाक देऊन शोधायची पद्धत), २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३. ही हाक त्याच व्हीलॅनपुरती असते, राउटर ती पलीकडे नेत नाही. राउटरवर अवाही हा प्रोग्रॅम बसवून त्याची परावर्तनाची (हाक पलीकडे पोचवायची) सोय १० आणि ३० यांच्यातच चालू केली, ४०ला वगळून. प्रिंटर दिसायला लागला.

६ फेब्रुवारी

डीएनएसवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

जाहिराती गाळणारा डीएनएस सर्व्हरवर ठेवायचा हा मूळ विचार. पण मग सर्व्हर बंद पडला की नावं सुटत नाहीत (नावावरून पत्ता मिळत नाही), आणि घरातल्यांच्या लेखी इंटरनेटच गेलेलं असतं. यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय: डीएचसीपीतून दोन डीएनएस पत्ते द्या, पहिला सर्व्हरचा, दुसरा बाहेरचा. हा उपाय चुकीच्या समजुतीवर उभा आहे. दुसरा पत्ता फक्त पहिला बंद पडल्यावर वापरतात असं कुठल्याही उपकरणावर बंधन नाही. काही उपकरणं दोघांनाही विचारतात, काही ज्याचं उत्तर लवकर येतं त्यालाच धरून बसतात. परिणाम असा की गाळणी कधी चालते, कधी नाही, आणि घरातली नावं कधी सापडतात, कधी नाहीत. अधूनमधून होणारा बिघाड शोधायला सर्वांत अवघड.

निर्णय: डीएनएस राउटरवरच. गाळायची यादीही राउटरवर, घरातली नावंही तिथेच. डीएचसीपी एकच पत्ता देतं, राउटरचा. राउटर बंद असेल तर इंटरनेट तसंही नसतंच, म्हणजे बिघाडाची नवी जागा तयार होत नाही.

घरातल्या नावांसाठी शेपूट होम.आर्पा. २०१८ साली आरएफसी ८३७५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने हे नाव घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलंय. नावाच्या शेवटी 'लोकल' लावायची सवय सोडावी. ते एमडीएनएससाठी राखीव आहे आणि काही उपकरणं अशा नावासाठी डीएनएसकडे वळतच नाहीत.

१५ फेब्रुवारी

सर्व्हरचं यंत्र. घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप वापरावा असा विचार होता. वॅटमीटर लावला: रिकामा बसून ६८ वॉट. वर्षाला जवळजवळ ५९६ युनिट. चार कोअरच्या कमी विजेच्या प्रोसेसरचा नवा बोर्ड, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि दोन फिरत्या डिस्क मिळून २४ वॉट, म्हणजे वर्षाला २१० युनिट. २४ तास चालणाऱ्या यंत्रात रिकाम्या वेळेची वीजच महत्त्वाची, कारण दिवसातले बहुतेक तास ते रिकामंच असतं.

डिस्क ४ टीबीच्या दोन, आरशासारख्या जोडीत (दोन्हींवर तोच माल), झेडएफएस या फाइल-व्यवस्थेवर. दोन्ही सीएमआर पद्धतीच्या (पट्ट्या एकमेकींवर न चढवलेल्या) आहेत याची माहितीपत्रकातून खात्री केली. एसएमआर डिस्कमध्ये पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही, पण जोडीदार मेल्यावर नव्या डिस्कवर सगळा माल भरताना ती कमालीची मंदावते, कधी तर रांगेतूनच बाहेर फेकली जाते. नेमकी तीच वेळ सर्वांत धोक्याची. दोन डिस्क वेगवेगळ्या घाण्यातल्या घेतल्या, म्हणजे एकच दोष दोघींत एकाच वेळी उगवणार नाही.

४ टीबी म्हणजे संगणकाच्या मोजणीत ३.६४ टीआयबी. झेडएफएस ८० टक्क्यांच्या पुढे भरू नये, म्हणून हाताशी जागा २.९ धरायची. तयार करताना ॲशिफ्ट (सेक्टरचा आकार सांगणारी सेटिंग) १२ दिला, कारण डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. हा आकडा नंतर बदलता येत नाही.

१६ फेब्रुवारी

दोन्ही डिस्कची पूर्ण वाचन-लेखन चाचणी लावली होती. ब-डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) १९९ क्रमांकाचा आकडा शून्यावरून ४७ झाला. ५, १९७ आणि १९८ शून्यच. ५, १९७, १९८ वाढले तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय असं समजावं. एकटा १९९ वाढला तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून तिला बोर्डाशी जोडणाऱ्या सॅटा केबलचा असतो, कारण तो वाटेत बिघडलेल्या पाकिटांची मोजणी करतो. केबल बदलली, नवी केबल क्लिपवाली. पुन्हा रात्रभर चाचणी: आकडा ४७वरच. तो मागे येत नसतो. बघायचं ते फक्त वाढतोय का.

२२ फेब्रुवारी

डेबियन या लिनक्सची स्थिर आवृत्ती, त्यावर कंटेनर (प्रत्येक सेवेसाठी वेगळी, बंदिस्त जागा). फोटो, फाइल वाटप, व्हिडिओ, कॅमेरे. प्रत्येक सेवेची मांडणी एका फोल्डरमध्ये आणि तो फोल्डर बॅकअपमध्ये. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला झेडएफएसवर ४०० जीबीची मर्यादा घातली. ही मर्यादा नसेल तर रेकॉर्डिंग एक दिवस सगळी डिस्क खाऊन टाकतं आणि फोटो चढायचे थांबतात.

जुन्या डिस्कांवरचा २.१ टीबी माल नेटवर्कवरून आणला. सेकंदाला सरासरी ११२ एमबी, सव्वापाच तास.

१ मार्च

बाहेरून प्रवेश. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.७२ने सुरू होतोय. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा दिसला की समजावं, सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी तिथपर्यंत पोचत नाही. सुदैवाने आयपीव्ही६चा (पत्त्यांची नवी पद्धत) खरा सार्वजनिक पत्ता मिळतो. वायरगार्ड हे व्हीपीएन राउटरवर बसवलं, यूडीपी पोर्ट ५१८२० फक्त आयपीव्ही६वर उघडला. एवढंच एक दार. राउटरवर ठेवल्याने सर्व्हर रीस्टार्ट करतानाही बाहेरून जोडलेलं राहता येतं.

पहिल्याच चाचणीत विचित्र लक्षण. पिंग जातं, नावं सुटतात, लहान पानं उघडतात, पण फोटोंचं पान अर्ध्यावर लटकतं. हे लक्षण दिसलं की एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) बघावा. वायरगार्ड १४२० धरून चालतं: १५०० वजा ८० बाइटचं वेष्टण. आपला दुवा पीपीपीओईचा (सेवा देणाऱ्याशी जुळायची एक पद्धत), तिथे मुळात १४९२च मिळतात. १४१२ केल्यावर पान पूर्ण उघडलं.

८ मार्च

बॅकअप. आरशाची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. त्यासाठी स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवून ठेवलेली स्थिती): तासाचे २४, दिवसाचे ३०, महिन्याचे १२. पण स्नॅपशॉटही त्याच खोक्यात राहतात, म्हणून दोन वेगळ्या प्रती. एक यूएसबी डिस्कवर, आठवड्यातून एकदा जोडायची आणि काढून कपाटात ठेवायची. दुसरी नातेवाइकांच्या घरी ठेवलेल्या लहान यंत्रावर, रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने कुलूपबंद करून.

दूरच्या प्रतीचं पहिलं भरण इथेच घरात केलं. ४०० जीबी २० मेगाबिटच्या अपलोडने पाठवायला ४४ तासांहून जास्त लागले असते. आता रोज फक्त फरक जातो.

फोटो सेवेचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलल्या तर अर्धी पानं जुनी, अर्धी नवी अशी प्रत मिळू शकते. म्हणून रात्री २ वाजता आधी डेटाबेसचा डंप (सगळी माहिती एकसंध फाइलमध्ये उतरवणं), तो संपल्यावर रेस्टिक. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर प्रत उघडायचा दुसरा मार्ग नाही. तो कागदावर लिहून दोन घरांत ठेवला.

१५ मार्च

परत आणून पाहिलं. रिकाम्या डिस्कवर दूरच्या प्रतीतून एक पूर्ण वर्षाचे फोटो आणि डेटाबेस उभा केला. फोटो आले, अल्बम रिकामे. डंप होत होता, पण ज्या फोल्डरमध्ये पडत होता तो रेस्टिकच्या यादीतच नव्हता. यादी दुरुस्त केली, रात्र जाऊ दिली, १६ तारखेला पुन्हा केलं. अल्बम नावांसकट आले. आठवडाभर दर सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा निरोप येत होता, आणि तो खोटाही नव्हता. जे सांगितलं होतं तेवढं त्याने नीट केलं होतं.

२२ मार्च

वीज जाण्याची चाचणी. यूपीएस ६०० व्हीएचा, बॅटरी १२ व्होल्ट ९ अँपिअर-तास. त्यावर सगळा भार ६९ वॉट: फायबरचं यंत्र ८, राउटर ९, स्विच आणि दोन्ही ॲक्सेस पॉइंट २८, सर्व्हर २४.

यूपीएसची यूएसबी केबल सहसा सर्व्हरला लावतात. इथे ती राउटरला लावली आणि नट हा प्रोग्रॅम राउटरवर मुख्य म्हणून बसवला, सर्व्हरवर दुय्यम. बॅटरी ५० टक्क्यांवर आली की राउटर सर्व्हरला बंद व्हायला सांगतो आणि स्वतः चालू राहतो. वीज येऊन बॅटरी ७० टक्क्यांवर गेली की राउटरच वेक-ऑन-लॅनचं (नेटवर्कवरून यंत्र चालू करणारं) पाकीट पाठवून सर्व्हरला उठवतो. सर्व्हरच मुख्य असता तर वेगळा पेच पडला असता: तो बंद झाला, तेवढ्यात वीज आली, यूपीएसचा पुरवठा मध्ये तुटलाच नाही, तर सर्व्हरला उठवायला कुणी उरत नाही.

सकाळी १० वाजता भिंतीचा प्लग काढला. २१ मिनिटांनी सर्व्हर शिस्तीत बंद. घरातलं वायफाय आणि इंटरनेट त्यापुढे आणखी ३३ मिनिटं चाललं. मग बॅटरी पूर्ण संपू दिली, आणि अर्ध्या तासाने प्लग लावला. सर्व्हर आपोआप उठला, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर 'नेहमी चालू' असं ठेवलंय. 'आधीच्या स्थितीत' असं असतं तर तो बंदच राहिला असता, कारण त्याची शेवटची स्थिती बंद हीच होती.

राउटर मात्र अडला. इंटरनेट जुळलं, पण एकही नाव सुटेना. राउटरच्या घड्याळाला बॅटरी नाही. पूर्ण बंद होऊन उठल्यावर तो जुनीच तारीख दाखवत होता. चुकीच्या तारखेमुळे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची तपासणी नापास, नाव सुटत नाही म्हणून वेळ सांगणारा सर्व्हर सापडत नाही, आणि वेळ मिळत नाही म्हणून तारीख सुधारत नाही. दोघं एकमेकांसाठी अडून बसले. वेळ जुळेपर्यंत सह्यांची मुदत तपासू नये अशी सेटिंग डीएनएसमसकमध्ये (राउटरवरचा डीएनएसचा प्रोग्रॅम) आहे, ती चालू केली. राउटर पूर्ण बंद करून पुन्हा लावला: पावणेदोन मिनिटांत सगळं जागेवर.

२३ मार्च

शेवटची तपासणी. सर्व्हरची केबल दिवसभर काढून ठेवली, कुणाला न सांगता. टीव्हीवर घरचे व्हिडिओ दिसत नाहीत ही एकच तक्रार आली, संध्याकाळी ७ वाजता. इंटरनेट, छपाई, दिवे, वायफाय सगळं चालू.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: पॉइंटचे क्रमांक आणि पॅनेलवरच्या जागा, तीन व्हीलॅनचे पट्टे, बंद-चालू करायचा क्रम, यूपीएसची बॅटरी बसवल्याची तारीख. केबल परत लावली.